पट्ट्याची अट

कोल्हापुरातल्या एका शाळेत कराटेचे इंगवले सर मर्दानी खेळाच्या मुलींना सभागृहात पाऊल ठेवू देत नसत. सरांच्या आधी त्यांचा काळा पट्टा दारातून आत यायचा, कारण त्याच्यामागे पोट होतं.

“सर, स्पर्धा जवळ आलीय. आम्हालाही इथं सराव करू द्या ना,” गिरिजा हळूच म्हणाली.

“मला हरवा, सभागृह तुमचं! पण ज्याच्याकडे पट्टा असेल, त्यानंच समोर यायचं.”

कराटेची पोरं फिदीफिदी हसली.

दुसऱ्या दिवशी गिरिजा कोपरापर्यंत दांडपट्टा चढवूनच आली. तिनं एकदाच तो फिरवला. लवलवतं पातं सणसणलं आणि सर थेट दाराबाहेर!

“अगं, हा कसला पट्टा?”

“आमचा हातात असतो, सर. या ना आत, पट्टा तर तुमच्याकडेही आहे!”