खिंडवड्याच्या वेशीतला कुंकवाचा दगड

पौष वद्य तृतीया, सोमवार. पहाटे दाट धुके, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

खिंडवड्याची वेस घाटाच्या तोंडाशीच आहे. तट आता कमरेइतकाच उरला आहे. वेशीच्या उजव्या खांबाचा खालचा दगड मात्र लालभडक आहे. त्यावर कुंकवाचा इतका जाड थर बसला आहे की नखाने खरवडले तरी दगड लागत नाही. वेशीतल्या मारुतीचे पुजारी सदोबा गुरव आम्हाला तिथे घेऊन गेले. आमच्यातल्या निवृत्त तहसीलदारांनी विचारले, "पाहुण्यांना ओवाळून आत घेत नाहीत का इथे?"

"पाणी मिळेल, साहेब. ताट नाही मिळायचं," सदोबा हसून म्हणाले. मग खांबाशी बसून त्यांनी सांगितले ते असे.

फार जुन्या काळी खिंडवडे हे मोठे नगर होते. ज्याच्या हाती नगर, त्याच्या हाती घाट, आणि समुद्राकडून येणारा सगळा माल. उत्तरेकडे मोराच्या निशाणाचे राजे, दक्षिणेकडे हत्तीच्या निशाणाचे. दोन्ही घराण्यांची नावे गावाने विसरून टाकली, निशाणे तेवढी लक्षात ठेवली. मोरवाले जिंकले की दक्षिणेचा तट उंच करीत. हत्तीवाले जिंकले की तोच तट पाडून, तेच दगड वाहून उत्तरेचा तट चढवीत. दगड वाहायला नगरातले पुरुष वेठीला धरत. लोक म्हणत, "राजे बदलतात, दगड तेच, आणि पाठही आपलीच."

दोन्ही घराण्यांची एक समजूत होती. नगरातल्या सवाष्णींनी वेशीत ओवाळल्याशिवाय नगर आपले झाले असे ते मानत नसत. त्यामुळे येईल त्याला बायका ओवाळत. ताटे म्हणे घासून तयारच असत.

एका वर्षी हत्तीवाल्यांनी नगर घेतले. राजाने वेशीबाहेर तळ दिला आणि पुरुषांना दोर लावून छावणीत बसवले. राजाचा वेशीतून प्रवेश झाला की त्यांना दूरच्या किल्ल्याच्या कामावर न्यायचे ठरले होते. तिकडे गेलेले कोणी परतत नसे. त्यांत चांगा पाथरवट होता. त्याची बायको देमाई. ओवाळणीत पहिले ताट तिचे असे.

सूर्यास्तापर्यंतचा मुहूर्त होता. राजा वेशीपाशी आला. देमाई पुढे झाली, तिने ताट खाली ठेवले, कपाळावरचे कुंकू तळव्याने पुसले आणि तो तळवा खांबाच्या दगडावर घासला. तिच्यामागे एकेक करून साऱ्या बायकांनी तेच केले.

राजाचा पुरोहित ओरडला, "बाई, नवरा जिवंत असताना हे काय करतेस!"

"जिवंत आहे? मग दाखवा," देमाई म्हणाली. "आम्ही सवाष्णी असू, तर आमचे धनी इथे असायला हवेत. नसू, तर आमच्या हातची ओवाळणी तुमच्या राजाला चालेल का, ते तुम्हीच सांगा."

राजाने तलवारीला हात घातला. "एकेकीला खरोखरच विधवा करीन."

"झालोच आहोत, महाराज. तेवढी तसदी आता नको."

पुरोहिताने मान खाली घातली. पांढऱ्या कपाळांसमोरून वेस ओलांडायला शिपाईही तयार होईनात. मोरवाल्यांची फौज एका मजलेवर आली होती. ऊन उतरू लागले तसा राजाने दोर सोडायचा हुकूम दिला.

पुरुष वेशीत आले. चांग्याने दगडावरचेच कुंकू बोटावर घेऊन देमाईच्या कपाळी लावले. मग देमाईने ताट उचलले आणि नवऱ्याला ओवाळले. बाकीच्या बायकांनीही आपापल्या माणसांना ओवाळले. दगड वाहून सोललेल्या खांद्यांवर अक्षता टाकल्या. शेवटच्या माणसाला ओवाळून होईपर्यंत सूर्य डोंगराआड गेला.

"आणि मी?" राजाने विचारले म्हणे.

"आमचं होतं ते आत आलं," देमाई म्हणाली आणि ताट पालथे घातले.

मुहूर्त टळला. हत्तीवाल्यांनी त्याच संध्याकाळी तळ हलवला. दोन दिवसांनी मोरवाले आले. त्यांच्यासाठीही ताट निघाले नाही.

आजही खिंडवड्यात आलेली नवी सून आधी या दगडाला कुंकू लावते, मग स्वतःला. वेशीत कोणत्याही अधिकाऱ्याला, पुढाऱ्याला ओवाळत नाहीत. गेल्या वर्षी घाटातल्या नव्या रस्त्यासाठी मंत्री आले होते. त्यांना तांब्याभर पाणी दिले. संध्याकाळी खडी टाकणारे मजूर काम आटोपून वेशीत आले. त्यांना ओवाळले.