गाडीची मुदत

“अगं आई, खाली उतर! गाडी तीस तारखेच्या आत पोर्तुगालबाहेर गेलीच पाहिजे,” हेरंब ओरडला.

“मग जाऊ दे की. मीही हिच्यातूनच येते. लंडनहून मला विमानात बसव,” गोदाक्का म्हणाल्या आणि पुढच्या सीटवरून तसूभर हलल्या नाहीत.

हेरंब लंडनमधला बडा डॉक्टर. समुद्राकाठी त्याने सुट्टीसाठी हे घर घेतलं, दिमतीला इंग्लंडच्या नंबरची गाडी आणून ठेवली आणि घराच्या राखणीला आईला. गौरींच्या आत मिरजेला पोचवतो, असा शब्द त्याने दिला होता. त्यानंतर दोनदा गौरी आल्या नि गेल्या. गोदाक्कांच्या घरच्या गौरी थोरल्या बाईनेच उभ्या करायच्या, त्यामुळे मुखवटे पेटीतून बाहेरच निघाले नाहीत.

“तू गेलीस तर इथल्या झाडांना पाणी कोण घालणार?”

“आणि गाडी का रे थांबत नाही?”

“तिचा नंबर परदेशी आहे. वर्षात सहा महिन्यांच्या वर ठेवली तर इथलं सरकार जप्त करतं, म्हणून तर दरवर्षी मी ती वेळेत परत नेतो. बघ, कॅलेंडरवर लाल शाईने तारीख लिहून ठेवलीय मी.”

“बरं. आणि मी इथे कधी आले?”

हेरंब आठवू लागला. त्याला महिनासुद्धा सांगता येईना.

गोदाक्कांनी सीटचा पट्टा ओढून लावला.

“माझ्याही पाठीवर एक परदेशी नंबरची पाटी ठोक, हेरंबा, म्हणजे मलाही मुदतीत घरी नेऊन सोडशील.”