सहावी फेरी

नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात अंताजी नावाचे एक गुरुजी होते. त्यांचा भागाकार असा चपळ, की खडूची भुकटी जमिनीवर पडायच्या आत उत्तर पडायचं. शाळेतले पाढे इतके खणखणीत, की समोरच्या डोहात डुंबणाऱ्या म्हशी रवंथसुद्धा पावकीच्या चालीवर करायच्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा. त्या काही नाही म्हणायच्या नाहीत.

गुरुजींचा एक नियम होता. भागाकार ठणकावून सांगायचा, आणि बाकी पाटीच्या कोपऱ्यात चौकट करून कोंडून ठेवायची. एकदा ठमी नावाच्या मुलीनं विचारलं, "गुरुजी, त्या बाकीचं पुढं काय करायचं?"

"काही नाही. ती बसते," गुरुजी म्हणाले. "तशीच तूही बस."

तेव्हापासून ठमी शेवटच्या ओळीत, दारापाशी बसे. तिच्या शेजारी सोनबा आणि गेनू. दोघांना आठाचा पाढा अर्ध्यातच सोडून जाई. हुशार मुलं पुढे आणि मठ्ठ मागे, अशी गुरुजींची मांडणी होती. वाऱ्यापावसाला दार लागलं नाही तर भिजायची ती हीच तिघं. गुरुजींना त्याचं फारसं वाईट वाटत नसे.

एके वर्षी पलीकडच्या काठावरच्या इनामदारीणबाईंनी गणिताची चढाओढ ठेवली. जिंकतील त्या गुरुजींना शेला आणि आलेल्या प्रत्येक मुलाला एक लाडू. गुरुजींनी निरोप धाडला, "आमची त्रेचाळीस मुलं येतील. शेला तयार ठेवा."

ठरल्या दिवशी सकाळी भिवा नावाडी नाव घेऊन आला. नावेत भिवा आणि आणखी एक मोठा माणूस यांखेरीज आठ मुलं मावत.

"गुरुजी, फेऱ्या किती मारायच्या ते आत्ताच सांगा," भिवा म्हणाला. "मला मग खालच्या बाजाराला कांद्याची पोती न्यायचीत. एकदा गेलो की दिवस कलल्यावरच माघारी."

गुरुजी मुलांकडे वळले. "त्रेचाळीस भागिले आठ?"

"भागाकार पाच, बाकी तीन," सगळा काठ दुमदुमला.

"ऐकलंस? पाच फेऱ्या."

भिवानं मुंडासं मागं सारलं. "आन् ते तीन?"

"भिवा, तू वल्हं मार. गणित आम्ही बघतो."

मुलं हसली. गुरुजी पहिल्या फेरीला, पहिल्या ओळीच्या मुलांबरोबर, नावेच्या टोकाशी ताठ बसून निघून गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पलीकडे सनई वाजत होती.

चढाओढ कसली, एकतर्फी लढाईच ती. इतर शाळांचे गुरुजी प्रश्न ऐकून घाम पुसेपर्यंत अंताजी गुरुजींची मुलं उत्तर देऊन मोकळी. बाईंनी आपल्या हातानं शेला त्यांच्या खांद्यावर घातला. मग लाडवांची परात फिरली. फिरून परत आली, तेव्हा तिच्यात तीन लाडू होते.

इनामदारीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, मी स्वतः तुमच्या मुलांसाठी त्रेचाळीस लाडू मोजून ठेवले होते. हे तीन कसे हो उरले?"

गुरुजी हसले. बाई आणखी एक प्रश्न घालताहेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी मुलांकडे बोट केलं. "सांगा रे."

"त्रेचाळीस भागिले आठ. भागाकार पाच, बाकी तीन," मुलं एका सुरात म्हणाली.

आणि पहिल्या ओळीतला एक पोर लाडू चावत म्हणाला, "बाकी तिकडं काठावर उभीय."

मंडपातलं कोणीही हसलं नाही. हसलं असतं तर गुरुजींना बरं वाटलं असतं. बाईंनी तीन लाडू फडक्यात बांधले आणि गाठोडी त्यांच्यापुढं ठेवली. गुरुजींनी शेला उतरवला, घडी केली, परातीत ठेवला आणि ते नदीकडे धावत सुटले.

भिवा कांदे घेऊन गेलेला. दुसरी नाव नव्हती आणि पाणी पुरुषभर खोल. पलीकडच्या वाळूत तीन ठिपके दिसत होते, वाकलेले. रडत असतील, गुरुजींना वाटलं. त्यांनी हाका मारल्या, पण त्या वाऱ्यानं परत त्यांच्याच तोंडावर आणून टाकल्या. दिवस कलेपर्यंत ते हातात गाठोडी धरून तिथंच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच गुरुजींना एका उदाहरणाला अख्खा दिवस लागला.

भिवा आला. गुरुजी नावेत चढले, नाव अर्ध्या नदीत आली. मग गुरुजी म्हणाले, "तू त्यांना घ्यायचं होतंस रे."

"म्हटलं की. म्हटलं, बसा, एक फेरी जास्तीची मारतो." भिवानं वल्हं ओढलं. "तर ती पोरगी म्हणते कशी, नको भिवाकाका. सहावी मारलीत तर आमच्या गुरुजींचं गणित लोकांत खोटं पडंल."

गुरुजींनी पाण्याकडे तोंड फिरवलं. पाण्यात त्यांचंच तोंड होतं, म्हणून त्यांनी डोळे मिटले.

नाव काठाला लागली. तिघं रडत नव्हती. वाळूत त्यांनी गोटे मांडले होते. आठ-आठच्या पाच ओळी, आणि खाली वेगळे तीन गोटे. शेजारी मोडलेल्या आणि पुन्हा मांडलेल्या ओळींच्या कितीतरी खुणा. गुरुजींना पाहून ठमी घाबरून उठली.

"गुरुजी, आमचं कुठंतरी चुकतंय. सकाळधरनं मांडतोय. कसंही मांडलं तरी सहावी नाव लागतीच."

अंताजी गुरुजी वाळूत बसले. त्यांनी ओळी मोजल्या, मग खालचे तीन गोटे मोजले. शेवटी ते म्हणाले, "तुमचं चुकलेलं नाही. माझं चुकलं."

मग गेनू जवळ आला आणि गुरुजींच्या धोतराची वाळू झटकत हळूच म्हणाला, "असू द्या गुरुजी. माझंबी चुकतं."

गुरुजींना छडी खाल्ल्यावर कसं वाटतं ते ठाऊक नव्हतं. ते त्यांना त्या वेळी कळलं. त्यांनी फडकं सोडलं, तिघांच्या हातावर एकेक लाडू ठेवला, आणि मान वर न करता विचारलं, "ठमे, बाकीचं पुढं काय करायचं, ते मला सांगतेस?"

तात्पर्य: ज्यांच्यासाठी गणित मांडलं ती सगळी माणसं पार पोचली, म्हणजे ते सुटलं असं समजावं, आणि मागं राहिलेल्यांना विसरणाऱ्या गुरूनं पहिल्यांदा आपली पाटी पुसावी.