पेटीवरचा गणपती

“मग कारखानदारांच्या सभेत तुम्ही खोटं बोललात?”

मंदार चुरी दारातच उभा होता. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. हातात लाकडी पेटीचं झाकण, आणि झाकणावर छापलेला रंगीत गणपती.

रघुवीरशेठ घरत आपल्या पेणच्या कारखान्यात एका मूर्तीच्या सोंडेवर ब्रश फिरवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“काय बोललो होतो मी?”

“की मूर्ती वाटेत फुटायच्या. पेंढा भरला, पेट्यांवर ‘सांभाळून’ लिहिलं, तरी हमाल आपटायचेच. मग तुम्ही मूर्ती उघड्याच पाठवल्या. डोळे रंगवून, तोंड हमालाकडे करून. आणि फुटणं थांबलं.”

“खरं आहे.”

“मी टाळ्या वाजवल्या. तुमच्या पाया पडलो. तुम्हाला गुरू म्हटलं!”

“ते तू म्हटलंस.”

मंदारची चिनी मातीच्या बरण्यांची भट्टी होती. लोणच्याच्या एका कारखान्याला तो बरण्या पुरवायचा. जशा मूर्ती तशा बरण्या, असं त्याने सभेतून उठतानाच ठरवलं आणि झाडून सगळ्या पेट्यांवर गणपती छापून घेतला. दुसऱ्याचा चष्मा डोळ्यावर चढवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. अक्षर दिसलं नाही की हे शिव्या चष्मेवाल्याला देतात. मला अशांची चीड येते.

“आधी फुटायचा त्याच्या दुप्पट माल फुटला, शेठ! सोमवारची गाडी शेवटची, असं कारखानेवाल्यांनी बजावलंय. तीही फुटली तर माझी भट्टी विझली म्हणून समजा. तिच्यावर किती घरं चालतात…”

“हमालांनी काय केलं?”

“माजलेत! खालच्या पेट्यांवर उभं राहून वरचा थर लावायचा असतो. आजवर लावत होते. आता म्हणे, चढणार नाही. देवावर पाय ठेवणार नाही. खाली उभे राहून पेट्या वर भिरकावतात.”

ब्रश थांबला.

“मग तू काय केलंस?”

“कामचुकार म्हटलं तोंडावर. दोघांना काढून टाकलं.”

शेठनी ब्रश खाली ठेवला.

राग आता दोघांनाही आला होता. मंदारचा दुधासारखा उतू जात होता. शेठचा मात्र चुलीतल्या निखाऱ्यासारखा, बिनआवाजाचा. ते उठले, मंदारच्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि उंबऱ्यावर आडवं ठेवलं. गणपती वर. मग आत जाऊन त्यांनी कपात चहा ओतला आणि कपबशी धरून उंबऱ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले.

“आत ये. चहा घे.”

मंदारने चपला काढल्या. पाय उचलला.

पाय तसाच अधांतरी राहिला…

“ते बाजूला घ्या ना, शेठ.”

“का? तूच छापलंयस.”

“अहो, देवाला ओलांडू कसा?”

“चहा निवतोय.”

कारखान्यातली माणसं हातातली कामं टाकून बघत होती. मंदारचे कान तापले. एका हाताने चौकट धरून तो पुढे वाकला आणि दुसरा हात लांब केला. शेठनी कप तसूभरही पुढे केला नाही. मंदारची बोटं बशीला लागली, बशी कलली, आणि कप खाली पडून फुटला.

“कामचुकार!” शेठ कडाडले. “काढून टाकू तुला?”

चहाचा ओघळ झाकणाकडे सरकत होता. त्याने घाईघाईने रुमाल काढून तो अडवला. मग तिथेच उकिडवा बसून तो कपाचे तुकडे गोळा करू लागला.

“मग…” तो शेवटी हळूच म्हणाला, “सोमवारी पेट्यांवर काय छापू?”

शेठनी झाकण उचललं, कपाळाला लावलं आणि आत मूर्तीशेजारी ठेवलं. मागे वळले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

“अजून छापायचंच आहे तुला? त्या दोघांना परत बोलव. आणि सोमवारी कोऱ्या पेट्या लावायला त्यांच्याबरोबर गाडीत तू चढ.”