पायपेटी घरीच राहिली

एकदा एका शिष्येला मोठा पेच पडला. तिचे नाव शलाका. कॉलेज सुटले की ती गावातल्या एका वृद्ध पेटीमास्तरांकडे पेटी शिकायला जाई, आणि तिथून उठली की थेट घरी कॉम्प्युटरपुढे बसे. त्यांचा पाचजणींचा संघ होता. पाचजणी आपापल्या ठिकाणाहून एकाच वेळी एकच खेळ खेळत आणि परगावच्या पाचांशी झुंजत. कुणाला हा पोरखेळ वाटेल, तर खुशाल वाटू द्यावा. या मुलींनी जिल्हा जिंकला होता, विभाग जिंकला होता, आणि आता पुण्यात राज्याची अंतिम फेरी त्यांची वाट पाहत होती.

पेच असा, की शलाकाचा जुना कॉम्प्युटर ऐन रंगात आलेल्या डावात गोठून बसे. मागच्या सामन्यात तो असाच बसला आणि उरलेल्या चौघींनी कशीबशी लाज राखली. संघाची कप्तान वेदवती मनाने चांगली, पण बोलायला रोखठोक. ती म्हणाली, "हे बघ शलाका, या आठवड्यात नवीन मशीन आलं नाही, तर तुझ्या जागी दुसरी घ्यावी लागेल गं. मला वाईट वाटतंय, पण प्रश्न पाचजणींचा आहे." शलाकाच्या वडिलांनी मशीन घेऊन द्यायचे कबूल केले होते. मात्र एकच, आणि एकदाच. डेस्कटॉप म्हण नाहीतर लॅपटॉप म्हण, नंतरची कुरकुर ते ऐकणार नव्हते.

आता, तेवढ्याच पैशात डेस्कटॉप अधिक जोरकस मिळतो, लवकर तापत नाही, हे शलाकाला दुकानदाराने सांगायची गरज नव्हती. ते तिला पाठच होते. तरी तिचे मन लॅपटॉपवर जडले होते. वेदवतीकडे लॅपटॉप होता. कँटीनमध्ये तिने तो उघडला की भोवती घोळका जमे. पुण्याच्या मंचावर आपणही काखेत लॅपटॉप मारून ऐटीत चढावे, हे चित्र शलाकाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. डेस्कटॉप बापडा घराच्या कोपऱ्यात बसणार. त्याला पाहायला कोण येणार?

शेवटी तिने मास्तरांनाच विचारले. "मास्तर, कुठंही नेता येईल असं मशीन घेऊ, की एका जागी ठेवायचं घेऊ?"

मास्तरांनी तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. खेळ कसा असतो, पाचजणी का लागतात, सगळे विचारले. मग म्हणाले, "रविवारी नाट्यगृहात माझा सत्कार आहे. तू ये. नंतर बोलू."

रविवारी मास्तरांच्या घरी लगीनघाई होती. मास्तरांच्या मधल्या खोलीत त्यांची पायपेटी होती. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून वाजवायचे, अशी ती जुन्या संगीत नाटकांतली भारदस्त पेटी. वजनाला कपाटासारखी. सत्काराला मास्तरांनी स्वतःच्याच पेटीवर वाजवावे म्हणून शिष्यांनी टेम्पो आणला होता. चौघांनी पेटी उचलून दारापर्यंत आणलीही होती, तोच मास्तर कोट-टोपी घालून बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"मास्तर, पेटी नेतोय. तिथं तुम्हाला तुमचीच पेटी नको का?"

"ठेवा जागच्या जागी," मास्तर म्हणाले आणि रिकाम्या हातांनी चालू लागले.

शिष्यांनी पेटी पुन्हा मधल्या खोलीत नेऊन ठेवली. शलाकाला वेगळीच काळजी लागली. नाट्यगृहाची हातपेटी कशी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तिची एक पट्टी दाबली की वर यायला तयार नसे. अख्ख्या गावासमोर मास्तरांची फजिती झाली तर?

मंचावर ती हातपेटीच समोर आली. मास्तरांनी तिच्यावरून एकदा बोटे फिरवली, अडणारी पट्टी हेरली, आणि वाजवायला सुरुवात केली. ती पट्टी त्यांनी अशा सफाईने टाळली, की ठाऊक असलेल्यांनाही ती कुठे गेली ते कळेना. नाट्यगृह तुडुंब भरले होते, आणि तरी एकही खुर्ची वाजत नव्हती. हे आपले मास्तर आहेत, या विचाराने शलाकाची छाती फुगली. टाळ्या थांबल्या तरी तिच्या थांबल्या नाहीत.

परतताना मास्तरांचा हार आणि श्रीफळ तिच्या हातात होते. राहवेना म्हणून तिने विचारले, "मास्तर, इतकी सुरेल पेटी घरी असताना तुम्ही ती आणू का दिली नाहीत?"

मास्तर रस्त्याच्या कडेला थांबले.

"अगं, ती पेटी मैफलीसाठी नाहीच. ती रियाजाची. तिचे सूर बदलले, भाता बदलला, पण तिची जागा मी कधी बदलली नाही. रोज तिथं बसलो, चुकलो, पुन्हा बसलो. त्यातून हे हात तयार झाले. आज मंचावर मी ते घेऊन गेलो होतो. आता तू सांग, पुण्याला तुमची मशीनं तुम्ही न्यायची असतात का?"

"नाही," शलाका हळूच म्हणाली. "मशीनं स्पर्धावालेच देतात. कीबोर्ड आणि माउस तेवढा आपला न्यायचा."

"मग तू मशीन कोणत्या दिवसासाठी घेते आहेस? लोक बघतील त्या एका दिवसासाठी, की कुणीच बघणार नाही त्या सगळ्या संध्याकाळींसाठी?"

शलाकाचा चेहरा उतरला. तरीही तिने विचारले, "मग वेदवतीनं लॅपटॉप घेतला, ते चुकलं म्हणायचं?"

"मुळीच नाही. ती वसतिगृहात राहते, सुट्टी लागली की गावी जाते, असं तूच सांगितलंस ना? तिचा रियाज तिच्याबरोबर हिंडतो, तिनं तोच घ्यायला हवा. नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडताना मीही घडी घालून नेता येणारी पेटीच बाळगायचो. पण तू रोज संध्याकाळी आपल्या घरी असतेस. दुसरीच्या आयुष्याला सोयीचं मशीन तुझ्या काय कामाचं?"

त्या संध्याकाळी शलाकाने वडिलांना डेस्कटॉप सांगितला. "आणि ती काखेत मारायची ऐट?" वडिलांनी चिडवले. "ती आधी हातांत येऊ दे," ती म्हणाली.

डेस्कटॉप आला. शलाकाची संघातली जागा राहिली. ती रोज त्याच खुर्चीवर बसली, हरली, चिडली, पुन्हा बसली. त्या कोपऱ्यात तिला पाहायला खरोखरच कुणी आले नाही.

पुण्याच्या मंचावर ती आपला कीबोर्ड आणि माउस घेऊन चढली आणि परक्या मशीनपुढे बसली. कानांवर हेडफोन असल्याने सभागृहातले तिला काही ऐकू येत नव्हते. पुढच्या रांगेत तिच्या वडिलांशेजारी कोट-टोपी घातलेले मास्तर बसले होते. पडद्यावरच्या धुमश्चक्रीकडे त्यांचे मुळीच लक्ष नव्हते. सामना संपल्यावर वडिलांनी तिला सगळे सांगितले. शेजारच्या एका तरुणाने मास्तरांना विचारले होते, "आजोबा, काय वाटतं, कोण जिंकेल?"

"ते मला विचारू नका, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," मास्तर म्हणाले होते. "ती डावीकडून तिसरी आहे ना, तिचे हात बघा. माझी शिष्या आहे ती."

संघ जिंकला होता, चषक वेदवतीच्या हातात होता, सगळ्या नाचत होत्या. शलाकाने मात्र वडिलांना तेवढेच वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावले, आणि मग ती मास्तरांच्या पाया पडायला गेली.