दिवटी आणि काजळी

माणसं पेशींच्या आत डोकावायला नुकतीच शिकली होती, तेव्हाची गोष्ट. एका आजारी पेशीत धागे कापणारं कातरी नावाचं विकर होतं. ते जागं आहे की झोपलंय, हे प्रयोगशाळेतल्या हेमलताबाईंना पाहायचं होतं. त्यांनी एका धाग्याच्या दोन टोकांना दिवटी आणि काजळी नावाचे दोन इवले रेणू बांधले आणि आत सोडले.

दिवटीच्या अंगात उजेड होता, पण काजळी तो तिथल्या तिथे पिऊन टाकायची.

"एकदा तरी मला उजळू दे गं," दिवटी म्हणायची.

"मी मुद्दाम नाही करत. तू जवळ असलीस की तो माझ्यातच मुरतो," असं म्हणून काजळी तिला आणखी बिलगायची.

शेवटी कातरी भेटली.

"हा धागा काप!" दिवटी म्हणाली.

"कापते. पण मला परत जोडता येत नाही हं."

"काप!"

धागा तुटला आणि दिवटी लख्ख उजळली. वर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या बाई आनंदाने ओरडल्या, "जागी आहे कातरी!"

आता पेशीचा कोपरान् कोपरा दिसत होता. दिवटीने तो सगळा पाहिला, पुन्हा पाहिला. काजळी केव्हाच लांब वाहत गेली होती. जवळ होती तेव्हा अंधारात दिवटीने तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आता ती समोरून गेली असती, तरी ओळखू आली नसती.