माघारी आलेल्याचा हार

एकदा एका माळावरच्या उड्डाणशाळेत एक वृद्ध वैमानिक विद्या देत असत. त्यांना सगळे 'सर' म्हणत. शाळेची रीत अशी, की एकट्याने पहिले उड्डाण करून जो सुखरूप उतरेल, त्याला हार घालायचा आणि पेढे वाटायचे. या रीतीत काही खोट असेल, असे कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्या शाळेतला निनाद शिकून तयार झालेला, हाताचा स्थिर आणि स्वभावाने फार सावध. एका दुपारी पश्चिमेला काळेकुट्ट आभाळ भरून आले असताना त्याने लहानसे विमान धावपट्टीवर घेतले. विमानाने जमीन सोडली न सोडली तोच वादळी वाऱ्याचा झोत आला आणि ते कुंपणापलीकडच्या ज्वारीत कोसळले. निनाद जागीच गेला.

त्याच्या मागून शिकायला आलेल्या मैथिलीला काही म्हणजे काही समजेना. आदल्याच आठवड्यात असेच आभाळ पाहून निनाद धावपट्टीवरून माघारी आला होता. मग या वेळी का नाही आला? एवढा शहाणा मुलगा चुकतो, तर आपली काय कथा? घरचे म्हणत होते, पुरे झाले ते उडणे, परत ये. राहावे की जावे, हे तिला ठरवता येत नव्हते.

निनादचे दिवस झाल्यावर शाळा पुन्हा सुरू झाली. त्या सकाळी मैथिलीचे एकटीचे पहिले उड्डाण होते. ती धावपट्टीच्या टोकाशी पोचली आणि पश्चिमेला एक ढग दिसला. खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी एकाएकी फिरली. आपल्याला वाटते ते भान की भीती, हेच तिला उमगेना. शेवटी तिने विमान वळवून माघारी आणले. विमानातून उतरून बघते तो, ढग कुठल्या कुठे विरलेला, लख्ख ऊन पडलेले. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात सर पुढे आले. तिच्या उड्डाणासाठी आणून ठेवलेला हार त्यांनी तिच्या गळ्यात घातला आणि शांतपणे सगळ्यांना पेढे वाटू लागले. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. म्हातारपणी सरांना भ्रम झाला की काय, असेही एकदोघांच्या मनात येऊन गेले.

"सर, मी उडालेच नाही," मैथिली म्हणाली. "थट्टा करताय का माझी? निनादला जाऊन महिनाही झाला नाही."

"थट्टा तेव्हा केली होती," सर म्हणाले. "निनाद माघारी आला, त्या दिवशीही ढग असाच विरला होता. कुणीतरी त्याला छत्री आणून दिली, आठवतं? तू हसलीस. मीही हसलो. तोही हसला बिचारा. उडणाऱ्याला आपण हार घालत आलो आणि परतणाऱ्याला छत्री दिली. पुढच्या वेळी त्याच्या समोर खरं वादळ होतं आणि मागे आपण सगळे उभे होतो. आपल्या हसण्यापेक्षा त्याला वादळ सोपं वाटलं असावं. खात्रीनं मी सांगू शकत नाही, आता विचारायचं तरी कुणाला? पण ही रीत मी घातली होती, ती मीच बदलतो."

मैथिलीला रडू आवरेना. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "मग आज माझं बरोबर होतं की चूक?"

"ते मलाही ठाऊक नाही, बाळ. ढग विरला म्हणून परतणं चूक ठरत नाही. संध्याकाळी तू घरी फोन करशील, मला तेवढं पुरे."

मैथिली शाळेत राहिली. काही दिवसांनी एक विद्यार्थी धावपट्टीवरून परतला आणि मान खाली घालून विमानापाशी उभा राहिला. आभाळ तर निरभ्र दिसत होते. का परतलास, असे मैथिलीने विचारले नाही. ती पुढे झाली, त्याच्याबरोबर विमान ढकलत आत नेले आणि म्हणाली, "चल, चहा घेऊ."